पुस्तक आहे, पण सापडत नाही

सारसोळे या आमच्या गावाच्या नावात एक ळ आहे. गाव म्हणायचे ते आपले सवयीने. 1970 साली सिडको स्थापन झाली, पुढे नवी मुंबई उभी राहिली आणि सारसोळे नेरूळच्या पोटात गेले. जेट्टी मात्र अजून आहे, होड्या आहेत, आणि कोळीवाड्यातली जुनी माणसे अजून ‘सारसोले’ म्हणतात. त्यांच्या बोलीत ळ नाहीच. डोळ्याचा तिथे डोला होतो आणि काळ्याचा काला. इंग्रजी पाट्या रंगविणाऱ्यालाही ळ मिळत नाही. तो ‘एल’ काढून मोकळा होतो. म्हणजे आमच्या गावचा ळ एका बाजूने बोलीने नेला आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजीने. उरला तो माझ्यासारख्या मराठी शिकविणाऱ्या बाईपुरता.

ऐन दिवाळीत हे ळ-पुराण कशाला, असे या सदराचे नेहमीचे वाचक विचारतील. सांगते. आमच्या महाविद्यालयात यंदा एक बैठक झाली. विषय असा, की विद्यार्थी ग्रंथालयाच्या तालिकेत पुस्तक शोधीत नाहीत, तर त्यांना त्याची गोडी कशी लावावी? तालिका आता लाकडी खणांत नाही, ती संगणकावर आहे, भ्रमणध्वनीवरही उघडते. तरी मुले तिकडे फिरकत नाहीत. एका तरुण सहकाऱ्याने सुचविले की शोधण्याचा खेळच करून टाकावा. पुस्तक शोधले की गुण, दहा पुस्तके शोधली की बिल्ला. दुसऱ्याने सांगितले की प्रत्येक पुस्तकापुढे ‘आवडले’ म्हणून अंगठा दाखविण्याची सोय हवी. तिसऱ्यांना पडद्याचा रंग खटकत होता. तेवढ्यात बटाटेवडे आले आणि बैठक एकमताने पुढे ढकलली गेली.

मूल तालिकेसमोर बसल्यावर नेमका कोणता शब्द टंकते आणि त्याला काय उत्तर मिळते, हे मात्र कोणी विचारले नाही. मी ते पुढे काही दिवस ग्रंथालयात बसून पाहिले. उत्तर बहुधा एकच असते : नोंद आढळली नाही. पहिल्या शून्याला मूल शब्द बदलून पाहते, दुसऱ्या शून्याला शेजारच्याकडे पाहते, आणि तिसऱ्याला उठून जाते. त्याला आळशी म्हणण्याआधी आपण स्वतः दुकानात तीनदा ‘नाही’ ऐकल्यावर काय करतो ते आठवावे.

आम्ही शिकत होतो तेव्हा लाकडी खण होते. त्यात दोरा ओवल्यासारखी सळईत अडकविलेली पत्रे. खण ओढला की एका माणसाची वाट अडायची, त्यामुळे बोलणे भागच पडे. “तुमचं झालं का?” “तुम्ही काय शोधताय?” “ते खाली नाही मिळणार, वरच्या मजल्यावर बघा.” अशी कित्येक पुस्तके मला अनोळखी माणसांनी सांगितली. पुस्तक हाती आले की शेवटच्या पानावरचे तारखांचे पत्रक आधी पाहावयाचे. शिक्के दाटीवाटीने असले तर काहीतरी आहे बुवा, आणि एकही शिक्का नसला तर आपणच पहिले, याचाही एक आनंद. शिवाय समासात पेन्सिलीने लिहिणारे अज्ञात समीक्षक असतच. ‘भिकार’, ‘वा!’, ‘हे खोटे आहे’, आणि रहस्यकथेच्या सातव्या पानावर, खून होण्याच्याही आधी, खुन्याचे नाव! सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान म्हणून हे निषेधार्ह आहे, हे मी वर्गात सांगते. परंतु ‘हे खोटे आहे’ वाचून मी मूळ पुस्तक दुप्पट लक्षपूर्वक वाचले आहे, हेही खरे आहे.

म्हणजे हल्ली ज्याला तालिकेत ‘सामाजिकता’ आणणे म्हणतात ते काही आकाशातून आणावयाचे नाही. ते होते आणि गेले. आणि खेळाचेच म्हणाल तर पत्रांची तालिका जन्मालाच पत्त्यांबरोबर आली आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर मठांची आणि सरदारांची ग्रंथालये जप्त झाली, तेव्हा 1791 साली त्या पुस्तकांच्या नोंदी खेळण्याच्या पत्त्यांच्या पाठीवर कराव्यात असे ठरले. त्या काळी पत्त्यांच्या पाठी कोऱ्या असत. लांबलचक नावांच्या पुस्तकांसाठी एक्के आणि दुर्र्या राखून ठेवाव्यात अशीसुद्धा सूचना होती. या दिवाळीत बदामसात खेळताना वाचकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

मात्र जुन्या पद्धतीत एक दोषही होता आणि तो लहान नव्हता. पुस्तकाच्या खिशातल्या पत्रावर नेणाऱ्याचे नाव आणि वर्ग लिहिलेला असे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने जी कादंबरी न्यावी, तीच पाठोपाठ नेणारा एक मुलगा होता. त्याला वाचनाची गोडी लागली की नाही कोण जाणे. त्या मुलीने मात्र ग्रंथालयात येणेच सोडले. कोणी काय वाचले हे गावभर झाले तर माणसे, विशेषतः मुली, लोकांना दाखविण्यापुरतेच वाचू लागतात. अमेरिकेत 2001 साली सरकारला अशा नोंदी मागण्याचा अधिकार देणारा कायदा आला, तेव्हा तेथील कित्येक ग्रंथपालांनी वाचकांच्या जुन्या नोंदीच नष्ट करून टाकल्या. मला त्या ग्रंथपालांविषयी मोठा आदर वाटतो. आमच्या बैठकीतल्या गुणांच्या फळ्यावर ‘सर्वाधिक वाचणारे दहा विद्यार्थी’ अशी यादी लागणार होती. तिला मी विरोध केला तो याच कारणाने.

नाव झाकून माग ठेवता येतो. इंग्लंडातील हडर्सफील्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या तालिकेत एक सोय केली. पुस्तक काढले की खाली ओळ येई : हे ज्यांनी नेले त्यांनी आणखी हीही नेली. कोणी नेले, ते गुलदस्त्यात. पुढे 2011 साली त्याच विद्यापीठाने ‘लेमन ट्री’ नावाचा गुणांचा खेळही काढला. दोन्हींत मला पहिली गोष्ट अधिक शहाणपणाची वाटते. गुण मिळतात म्हणून मुले खिडकीपर्यंत येतील. पण तालिकेशी दोन शब्द बोलतील ते तिने काही सांगितले तरच.

आता मुळाशी येऊ. आपली तालिका बोलत का नाही? आपल्याकडे सूचीकार थोर होऊन गेले आहेत. शंकर गणेश दाते यांनी जवळजवळ एकट्याच्या बळावर 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. ती 1943 साली निघाली, आणि 1938 ते 1950 चा पुढचा भाग 1961 साली. मराठीत संशोधन करणारा कोणीही त्या दोन भागांना हात जोडल्यावाचून पुढे जात नाही. पण सूची सांगते ती पुस्तक आहे एवढेच. ते कोणाला आणि कशासाठी हवे असेल हे सांगण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते, आणि ती संगणक आल्यावर सुधारण्याऐवजी काही बाबतींत बिघडली.

उदाहरण घ्या. मुलाला आरती प्रभू हवे असतात. त्यांची कविता आरती प्रभूंच्या नावावर नोंदलेली, आणि ‘कोंडुरा’ कादंबरी खानोलकर, चिंतामण त्र्यंबक यांच्या नावावर. दोघे एकच, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तालिका उपयोगी. केशवसुत दामल्यांत दडलेले, बालकवी ठोमऱ्यांत. आणि ‘बी’ कवी शोधावयास जाल तर आमच्या यंत्राने मला एकदा बी-बियाण्यांची पुस्तके दाखविली. लाकडी खणांत याला उपाय होता. ‘केशवसुत : दामले, कृष्णाजी केशव पाहा’ असे एक पत्र त्या जागी उभे असे. आमच्याकडे संगणकावर नोंदी चढविल्या त्या दाखल-नोंदवहीवरून, एका पुस्तकाला एक ओळ अशा. ‘पाहा’ म्हणणाऱ्या पत्रांमागे पुस्तक नव्हते, म्हणून त्यांना ओळही मिळाली नाही. वाट दाखविणारी माणसे तेवढी गेली, घरे राहिली.

त्यावर लिपीची तऱ्हा. निम्म्या मराठी पुस्तकांची नावे रोमन अक्षरांत. ‘बटाट्याची चाळ’ यातली चाळ एका नोंदीत एका ‘ए’ची, दुसरीत दोन ‘ए’ची. देवनागरीत केलेल्या नोंदींचेही तसेच. हरिभाऊंच्या कादंबरीच्या नावात जुन्या प्रतीवर ‘लक्षांत’ आहे, नव्या प्रतीवर ‘लक्षात’. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. माणसाला त्या एका टिंबाचे काहीच वाटत नाही, यंत्राला ते दुसरे पुस्तक वाटते. ‘ॲरिस्टॉटल’मधला ॲ यंत्रात दोन तऱ्हांनी टंकता येतो, दिसतो एकच. दिसणे एक आणि असणे दोन, हा वेदान्त संगणकाने शिकवावा हे नवलच.

आणि सर्वांत मोठी अडचण विषयाची. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला 891.46 हा अंक आहे, कादंबरीला 891.463. ‘रणांगण’ तिथेच, ‘बनगरवाडी’ तिथेच, ‘कोसला’ही तिथेच. तालिकेत विषय म्हणून लिहिलेले असते : मराठी कादंबरी. मला सांगा, ‘मला एक मराठी कादंबरी द्या’ असे म्हणत कोणी येते का? येणारे मूल म्हणते, ‘मॅडम, होस्टेलवरचं काहीतरी आहे का?’ ‘गावात पहिली नोकरी लागलेल्या माणसाचं?’ हे प्रश्न मला विचारता येतात, ग्रंथपालांना विचारता येतात, तालिकेला येत नाहीत. भिलारला 4 मे 2017 रोजी पुस्तकांचे गाव सुरू झाले, तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली होती. या घरी कविता, त्या घरी इतिहास. तिथे पुस्तक कुठे म्हणून घरच्या माणसांना विचारता येते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत शंभरेक पुस्तकांची पेटी एका गटात फिरते, आणि पेटीभोवतीची माणसेच एकमेकांना सांगतात. सर्वांनाच भिलारला जाता येत नाही. पण ते सांगणे तालिकेत उतरविता येईल की नाही?

येते. आमच्या ग्रंथालयात ‘कोहा’ नावाची प्रणाली आहे. ती न्यूझीलंडात 1999 साली तयार होऊ लागली आणि 2000 साली सर्वांना फुकट खुली झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तीही आपल्या आहेरासारखी, कधीतरी परत करावयाची. या प्रणालीत वाचकाला पुस्तकाच्या नोंदीला आपले शब्द जोडता येतात, दोन ओळी अभिप्राय लिहिता येतो, आणि ग्रंथपालांनी पाहिल्यावरच ते पडद्यावर दिसावेत अशी व्यवस्थाही करता येते. ही कळ आमच्याकडे बंदच होती. कोणी बंद केली नव्हती, कोणी चालू केली नव्हती. ग्रंथपालांना मी विनंती केली. ते म्हणाले, “मॅडम, चालू करतो, पण मुलं काय वाट्टेल ते लिहितील.” मी म्हटले, “लिहू द्या. आधी लिहिताहेत का ते पाहू.”

द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी टाचणाऐवजी एक काम दिले. कपाटातून एक पुस्तक घ्यावयाचे. शक्यतो असे, की ज्याच्या तारीखपत्रकावर बरेच दिवस शिक्का नाही. वाचावयाचे. मग आपल्या मित्राला हे पुस्तक हवे असेल तर तो कोणते शब्द टंकील, असे तीन शब्द आणि दोन ओळी लिहावयाच्या. नाव लिहावयाचे नाही. पहिल्या आठवड्यात ‘छान’, ‘सुंदर’, ‘वाचनीय’ अशी वर्तमानपत्री पिके आली. एकाने तिन्ही शब्दांच्या जागी तीनदा ‘बोअर’ लिहिले. ग्रंथपालांनी ते काढून टाकले, मी असते तर निदान एकदा ठेवले असते. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र गंमत सुरू झाली. ‘रणांगण’ला कोणी लिहिले : जहाज, युद्धाच्या तोंडावर, प्रेम पण लग्न नाही. ‘बनगरवाडी’ला : मास्तर, धनगर, दुष्काळ. ‘कोसला’ला : होस्टेल, मेस, घरच्यांचे पैसे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ना एका मुलीने लिहिले, ‘नवऱ्याने न विचारता धर्म बदलला’. वर्गीकरणशास्त्रात हा विषय बसत नाही. पण ते शब्द वाचून दुसऱ्या दोघींनी पुस्तक नेले, हे मी डोळ्यांनी पाहिले. पुस्तकांच्या पाठीवर परीक्षकांनी लिहिलेला मजकूर वाचून कोणी धावत आल्याचे मला आठवत नाही.

याच वर्गात सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी आहे. तिची आजी धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ती म्हणणारी धवलारीण. तिच्यावाचून लग्नाचे पान हलत नाही. मुलगी तालिकेसमोर बसली आणि तिने सरळ आपल्या घरचा शब्द टंकला : धवला. उत्तर आले शून्य. ती मला म्हणाली, “मॅडम, आमचं काही पुस्तकात नसतंच.” चिडून नव्हे, पाऊस पडतो आहे म्हणावे तसे म्हणाली.

ग्रंथालयात ‘धवळे’ होते. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रुक्मिणीच्या विवाहावर रचलेले धवळे. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची ही रचना मी दरवर्षी शिकविते. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी जे नाव लग्नाच्या गाण्याला होते तेच आजही या मुलीच्या स्वयंपाकघरात आहे, मधे फक्त ळ चा ल झालेला. आणि तालिकेतली नोंद होती रोमन लिपीत, ‘काव्य, प्राचीन’ एवढ्या विषयाखाली. मी पुस्तक काढवून आणले. त्याच्या तारीखपत्रकावर एकही शिक्का नव्हता.

त्याहून पुढची गोष्ट मला त्याच दिवशी कळली. वर्षानुवर्षे न गेलेल्या पुस्तकांची एक यादी निघालेली होती. नव्या संगणक-कक्षाला जागा हवी, तेव्हा ही पुस्तके निर्लेखनात काढावयाची. अशी यादी करणे गैर नाही. ग्रंथालय म्हणजे माळा नव्हे. पण ‘गेले नाही’ आणि ‘सापडले नाही’ या दोन गोष्टी यादीत एकाच रकान्यात येतात. यादीतील चौसष्टाव्या ओळीवर महदंबा होती. मी ग्रंथपालांबरोबर बसून सगळी यादी पाहिली. कित्येक पुस्तके खरोखरच जावयास हवी होती. रद्द झालेल्या अभ्यासक्रमांच्या मार्गदर्शिकांसाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण जवळजवळ तिसरा हिस्सा असा निघाला की ज्यांच्या नोंदीत नावाचे स्पेलिंग चुकलेले, किंवा लेखक नको त्या आडनावात गेलेला, किंवा विषयाचा रकाना कोराच. हे सारे दुरुस्त होईपर्यंत यादी थांबविण्यात आली आहे. किती दिवस थांबेल ते सांगवत नाही. संगणक-कक्षालाही जागा हवीच आहे.

त्या मुलीने धवळ्यांच्या नोंदीला शब्द जोडले : धवला, धवलारीण, लग्नाची गाणी, आगरी कोळी. मग पुस्तक घरी नेले आणि आजीला वाचून दाखविले. आठवड्याने ती मला घरी घेऊन गेली. आजींनी पुस्तक मांडीवर ठेवले होते, वाचता येत नसले तरी. त्या म्हणाल्या, “चांगला हाय. पन बाय, ह्यो आमचा नाय.” आणि डोळे मिटून त्यांनी आपला म्हणून दाखविला. अर्धा तास तरी चालला असेल. नात दोनशे पानी वहीत उतरवून घेत होती आणि मधूनच चाल चुकली की आजी तिला पुन्हा मागे नेत होत्या.

ती वही आता ग्रंथालयात दाखल झाली आहे. तिला दाखलांक मिळाला आहे, मागे तारीखपत्रकही चिकटविले आहे. फक्त नोंद करताना ग्रंथपाल कर्त्याच्या रकान्याशी अडले. ‘नाव टाकल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नाही,’ म्हणाले. मुलगी आजीला विचारून आली. आजींनी उत्तर पाठविले होते, “धवला काय माझा हाय? लग्नाचा हाय.” शेवटी ‘पारंपरिक’ लिहून पुढे सरकावे लागले, आजींचे नाव ‘सांगणार’ म्हणून खाली घातले, तेही त्यांची परवानगी घेऊन.

वही पाहावी म्हणून मी परवा गेले, तर जागेवर नव्हती. तुळशीच्या लग्नानंतर कोळीवाड्यात यंदाचे पहिले लग्न आहे. तोवर ती परत येणार नाही, असे ग्रंथपालांनी मला सांगून ठेवले आहे.